दाट तिथीचा मेळा

नगरजवळच्या केडगावात माझ्या खोलीच्या एका बाजूला एक मंगल कार्यालय आहे आणि दुसऱ्या बाजूला दोन. चैत्र सरत आला की तिन्हीकडचे बँड एकदम सुरू होतात आणि मधल्या पुणे रस्त्यावर गाड्या खोळंबतात. लोकांना त्या आवाजानं हुरूप येतो. मी मात्र खिडकी लावून घेते, उकाड्यात घामाघूम होऊन बसते, तरी भिंतीतून ठोका आत येतच राहतो. आज सकाळी दारावरून एक जीप गेली. काचेवर झेंडूच्या माळा, मागच्या पायरीवर दोन माणसं लोंबकळलेली. मी भाजी चिरत होते, ती तशीच टाकून दारात आले आणि जीप वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. आतल्या बायकांमध्ये पारू मावशी तर नाही ना, एवढंच मला बघायचं होतं. ती असण्याचं काहीच कारण नव्हतं. पण गेल्या वैशाखापासून लग्नाची प्रत्येक जीप मी अशीच बघते.

आमच्या पाथर्डीच्या घरात पंचांग नव्हतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, चळवळीतले. पोटासाठी शिलाईचं मशीन आणि जिवासाठी पत्रकं. ती ते लिहायचे, छापून आणायचे आणि बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर उभं राहून वाटायचे. मला अंकलिपीच्या आधी 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. उरलेल्या पत्रकांची कोरी बाजू ही माझी वही. भिंतीवर कॅलेंडर असायचं, बियाण्याच्या दुकानातून आलेलं. त्याच्या पानांमागे विवाहमुहूर्त छापलेले असत, म्हणून आप्पा नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी खळ शिजवायचे आणि प्रत्येक पानाच्या मागे कोरा कागद डकवून टाकायचे. कॅलेंडर पुठ्ठ्यासारखं जाड व्हायचं आणि वाऱ्यानं हलायचंसुद्धा नाही. दिवस सगळे सारखे, त्यांना शुभ-अशुभ माणसं करतात, हे मी ज्वारीच्या भाकरीबरोबर रोज खाल्लं आहे. माझा त्यावर विश्वास आहे. आजही आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातून कुणी भलता अर्थ काढू नये.

मी पारू मावशीची चाहती आहे. हा शब्द आपण पडद्यावरच्या माणसांसाठी राखून ठेवला आहे. ऊस तोडणाऱ्या बाईचे चाहते असतात, असं कुणाच्या मनात येत नाही. राहात्याकडच्या एका कारखान्याच्या तळावर मी तीन हिवाळे साखरशाळेत शिकवलं. तोडीला आलेल्यांच्या मुलांची ही शाळा, पत्र्याच्या एका खोलीत भरायची. बाहेर पाचटाच्या कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, एकीला एक लागून. पहिल्याच आठवड्यात, दुपारच्या वेळी, मोळ्या बांधून परतलेली एक बाई तांब्याभर पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि कोपीच्या दारात बसून गायला लागली. मुलं पाढे म्हणत होती. माझा सातचा पाढा मध्येच तुटला.

कुलूप घराला, किल्ली माझ्या कमरेला
पाखरं पुसती, गं, कोन ऱ्हातं या घराला

तिचा आवाज गोड म्हणावा असा नव्हता. कोरड्या विहिरीत दगड टाकल्यावर खालून जो घुमून येतो, तसा होता. वर चढताना त्याला एक चीर पडायची आणि त्या चिरेतूनच सूर आणखी वर जायचा. मी खडू हातात धरून उभी राहिले. आमच्याच तालुक्यातली, आमच्या घरापासून पाचसहा कोसांवरच्या वस्तीतली बाई, आणि तिला ऐकायला मला राहात्याला यावं लागलं होतं. साखर राज्यभरच्या चहात जाते आणि ही बाई कुणाच्या कानातही जात नाही, याचा मला इतका संताप आला की त्या रात्री मी चार पानं लिहून काढली.

गाण्याची दोन कडवी ती म्हणायची. दुसरं असं:

चूल इचारती, गं, कुठं गेली फुंकनारी
उसाच्या फडात, बाई, मोळी डोईवर घेनारी

तिसरं कडवं होतं. ती ते म्हणत नसे.

"का हो मावशी?"

"ते हितलं न्हाई. हितं फडात म्हनलं तर रडाया येतं. ते आपल्या गावाकडं म्हनायचं."

मोबाईलवर गाणं घेऊ द्यायची नाही. एकदा मी हळूच फोन काढला तर हात धरला. "त्यात गेलं की ते तिथंच ऱ्हातं, पोरी. माझ्याकडं माघारी येत न्हाई." मी फोन ठेवला. ते तिसरं कडवं मात्र मनात घर करून बसलं. मला वाटायचं, त्यात कोयता उगारलेला असणार.

मेळ्याची कल्पना माझी. तोडीवरून माणसं चैत्र-वैशाखात गावाकडं येतात. पुन्हा दिवाळीनंतर निघेपर्यंत घरं उघडी असतात. तेव्हा या गाणाऱ्या बायांना, हलगीवाल्यांना एका माळावर बोलवायचं, सकाळी दहापासून ऊन कलेपर्यंत नुसती गाणी. कुणाचा सत्कार नाही, पुढाऱ्याचं भाषण नाही. पाथर्डीच्या बाजूला फाट्यावर लिंबाची सातआठ जुनी झाडं आहेत, ती जागा ठरली. बरोबर भाऊसाहेब होते. साखरशाळेतले माझे सहकारी, दोन एकर कोरडवाहू जमीन, बोलायला सावकाश. तारीख ठरवायचं काम माझ्याकडं आलं. मी वैशाखातला एक रविवार काढला.

"ताई, एकदा पंचांग बघू का?" भाऊसाहेब म्हणाले.

"आपण मुहूर्त बघून मेळा घ्यायचा?"

"मुहूर्ताचं न्हाई म्हनत मी. नुसतं बघू."

"मग आप्पांनी एवढी वर्षं जी पत्रकं वाटली ती काय वडे बांधायला?"

भाऊसाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "बरं बाई. तुमी म्हनाल तसं." त्यांच्या त्या 'बरं बाई'त किती काय होतं, ते मला तेव्हा ऐकू आलं नाही. मी पत्रक लिहायला बसले होते. शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ टाकली: गाणाऱ्यांच्या इच्छेचा मान राखून कुणीही रेकॉर्डिंग करू नये. ती ओळ लिहून मला फार बरं वाटलं होतं.

पत्रकं वाटून झाली आणि मग पारू मावशीच्या सुनेचा फोन आला. मावशींच्या गळ्याला गाठ होती, ती वाढली होती. नगरच्या डॉक्टरांनी मेळ्यानंतरच्या मंगळवारी ऑपरेशन ठरवलं होतं. आवाजाची नस अगदी लागून आहे, जपून करू, पण आवाज आहे तसाच राहील असं सांगता येत नाही, असं ते म्हणाले होते. मी विचारलं, मग मेळ्याला येणं जमेल का? फोन मावशींनी घेतला. "न यायला काय झालं? तिसरं कडवं म्हनायचं हाय न्हवं? मंगळवारच्या आत म्हनलेलं बरं."

तेव्हापासून तो रविवार माझ्या छातीवर येऊन बसला.

दाट तिथ म्हणजे काय, हे आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल. ज्या दिवशी पंचांगात लग्नाचा चांगला मुहूर्त असतो आणि पुढेमागे फारसे नसतात, त्या एका दिवशी सगळा तालुका लग्नात असतो. आचारी मिळत नाही, भटजी एका मांडवातून दुसऱ्या मांडवात पळतात, एकाच माणसाला चार ठिकाणी अक्षता टाकायच्या असतात. मी काढलेला रविवार हा त्या वैशाखातला सगळ्यात दाट दिवस होता. शुभ-अशुभ न मानणारी माणसंही त्या दिवशी कुठल्या तरी मांडवात असतात, कारण लग्न त्यांच्या चुलत्याच्या घरी असतं. हे मला ठाऊक असायला ज्योतिष लागत नव्हतं. शेजाऱ्याला विचारलं असतं तरी पुरलं असतं.

सकाळी सात वाजता मी माळावर पोचले तेव्हा लिंबाखाली भाऊसाहेब एकटे उभे होते. मांडव मिळाला नव्हता. त्यांनी रोपवाटिकेतली हिरवी जाळी आणून चार बांबूंवर ताणली होती. तिच्यातून ऊन चाळून खाली पडायचं आणि माणसं हिरवी दिसायची. तालुक्यातले सगळे स्पीकर लग्नांत. शेवटी एका भंगारवाल्याचा भोंगा आणला होता. बटण दाबलं की आधी त्याची स्वतःची हाळी वाजायची, "लोखंड, पत्रा, जुनी सायकल, बॅटरीऽऽ." ती पूर्ण झाल्याशिवाय माईक सुरू होत नव्हता.

"उद्घाटन झालं म्हनायचं," भाऊसाहेब म्हणाले. मला हसू आलं नाही.

दहा वाजले. रस्त्यावरून जीपा जात होत्या, टेम्पो जात होते, नटलेली माणसं भरून. एरवी ज्या वडाप जीपा गावोगावच्या माणसांना फाट्यावर आणून सोडतात, त्या सगळ्या वऱ्हाडाच्या झाल्या होत्या. एक एसटी दिसली म्हणून मी धावत रस्त्यावर गेले, तर तिच्याही टपाला केळीचे खुंट बांधलेले. तीही लग्नाला ठरवलेली. अकराला तीन बाया चालत आल्या, डोक्यावर पदर, हातात चपला. त्यांतल्या ठकूबाई पुढे बसल्या आणि त्यांनी जाळीकडं बघितलं. "एवढीच मानसं? मंग सैपाक तरी हाय का?"

"जेवण नाही हो मावशी, गाणी आहेत."

"गानी तर हायेतच की. गानी कुठं पळत्यात."

हलगीवाले पाच यायचे होते, दोन आले. बाकीचे नवरदेवापुढं वाजवत होते. त्या दोघांनी हलग्या सावलीत उताण्या ठेवल्या, कारण त्या उन्हात चामडं इतकं ताणलं जात होतं की फाटायची भीती. मी ती चामडी बघत बसले. माझंही तसंच झालं होतं, कुणी बोट लावलं असतं तरी टरकलं असतं. बारा वाजता मी सुनेला फोन लावला. "जीप न्हाई मिळत, ताई. दोन जीपवाल्यांना म्हनलं, ते म्हनले आज काय बोलू नका." साडेबाराला परत लावला. एकला लागला नाही. भाऊसाहेबांची मोटारसायकल होती, तिच्यावरून आणावं म्हटलं, तर गळ्याला गाठ असलेल्या बाईला त्या उन्हाच्या झळांतून एवढं अंतर कसं आणायचं? तरी ते निघाले. वस्तीवर पोचून त्यांनी फोन केला, मावशी तिथं नाहीत, निघाल्यात, कशानं निघाल्या कुणालाच माहीत नाही.

दोनच्या सुमाराला भाऊसाहेब परतले तेव्हा माळावर पंधराएक माणसं होती. ती आपसांत गात होती, एकमेकींच्या चुका काढत होती, ओव्या जुळवत होती. नंतर सगळे म्हणाले, दुपार लई झकास झाली. माझ्या आठवणीत ती दुपार नाही. माझ्या आठवणीत रस्ता आहे, त्यावर हलणारी वाफ आहे, आणि लांबून येणारं प्रत्येक वाहन आधी पाण्यासारखं दिसून मग जीप किंवा टेम्पो होत असे, ते आहे. चाहतीनं गाणं ऐकावं. मी सबंध दिवस वाहनं बघितली. मध्येच मनात हिशेब चाललेला असायचा: आज रविवार. सोमवार. मंगळवार.

चार वाजता एक टेम्पो फाट्यावर थांबला. वऱ्हाडाचाच. मागच्या फळीवरून दोन बायांनी एका बाईला हाताला धरून खाली उतरवलं. पारू मावशी. हिरवं लुगडं, कपाळावर कुणीतरी भरलेलं हळदीकुंकू, गळ्याभोवती पदर घट्ट. टेम्पो धूळ उडवत पुढच्या गावाकडं निघून गेला.

मी धावत गेले. "मावशी, अहो किती काळजी..."

तिनं पाणी मागितलं. बोलली तेव्हा कळलं. आवाज बसला होता.

"काय झालं आवाजाला?"

"काय न्हाई. टेम्पूत बायांनी म्हनाया लावलं. नवरदेवाची गानी. फुकट कसं बसायचं गं लोकांच्या टेम्पूत? चारपाच म्हनले."

चारपाच. मंगळवारच्या आधी तिच्याजवळ जो आवाज होता, तो तिनं माझ्या मेळ्याला येण्यासाठी वाटेत खर्च केला होता, आणि तो तिला खर्च करावा लागला माझ्या तत्त्वामुळं. हे मला तिथं, तिच्या हातातला तांब्या धरून उभं असताना समजलं. पंचांगाचा विषय भाऊसाहेबांनी काढला नाही, त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी राहीन.

ती बसली, श्वास घेतला. भोंगा तिनं बाजूला सारला. "ह्यो बाबा आधी भंगार इकतो आन मंग माझं ऐकवतो. नगं मला." सगळे हसले. मी पहिल्या रांगेत बसले होते. तिनं पहिलं कडवं उचललं आणि आवाज फाटलेल्या जागेतूनच वर गेला. होता! तो होता. पाखरं पुसती, गं, कोन ऱ्हातं या घराला. मग दुसरं सुरू झालं, चूल विचारू लागली, आणि तेवढ्यात पुढच्या वळणावरून बँड आला.

नवरदेवाची मिरवणूक फाट्यावरच्या मारुतीकडं निघाली होती. पुढं बँडची गाडी, मागं नाचणारी पोरं, घोड्यावर नवरदेव. आवाज असा की लिंबाची पानं थरथरावीत. मी उठले. विचार केला नाही. आप्पांची मुलगी आहे मी. अन्याय दिसला की उठायचं, एवढंच शिकलेय. रस्त्यावर जाऊन मी बँडच्या गाडीपुढं दोन्ही हात पसरून उभी राहिले.

"बंद करा! तिकडं एक बाई गातेय. मंगळवारी तिचं गळ्याचं ऑपरेशन आहे!"

पिवळा फेटा बांधलेला एक माणूस पुढं आला. नवरदेवाचा मामा असावा. "ओ ताई, बाजूला व्हा. मुहूर्त टळतोय."

"मुहूर्ताचं काय घेऊन बसलात? माणसाचा आवाज जातोय!"

"कोनाचा आवाज?"

"पारूबाईंचा!"

तो हसायलाच लागला. "अहो, तुमची गानारी आमीच तर आनून सोडली! आमच्या टेम्पूत आली ती. आमच्यावरच वरडता व्हय?"

तरी मी हटले नाही, हे लिहिताना आज लाज वाटते. पाच मिनिटं मुहूर्त या विषयावर त्या माणसाशी बोलले. त्या उन्हात, घोड्यापुढं, बँड चालू असताना. शेवटी त्यांनी बाजूनं वाट काढली आणि मिरवणूक गेली. मी विजयी होऊन माळावर परत आले तर बाया पदरानं डोळे पुसत होत्या. पारू मावशी पाणी पीत होती.

गाणं संपलं होतं. तिसरं कडवं म्हणून झालं होतं.

कुणी रेकॉर्डिंग केलं नव्हतं. पत्रकातली ती ठळक ओळ सगळ्यांनी पाळली होती.

"तुम्हाला ऐकू तरी आलं का, एवढ्या बँडमध्ये?" मी ठकूबाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मीच बहिरी आहे.

"बँड वाजत हुता की. तरी आलं ऐकू. तिनं म्हनलं, आमी ऐकलं."

मंगळवारी ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, बाई वाचली, हे मोठं. बोलणं महिन्याभरानं परत आलं, हवेसारखं. फुंकणीतून येतं तसं. गाण्याबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. दिवाळीनंतर कुलूप लावून ती तोडीला गेलीच.

यंदाच्या मेळ्याची तारीख पंचांग समोर ठेवून काढली. मी काढली. दिवसाला शुभ मी आजही म्हणणार नाही. पण माझ्या माणसांचा दिवस कुठं जातो, हे मला माहीत नसेल तर मी कुणासाठी लिहिते? आप्पांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "बस गाड्यांचं वेळापत्रक बघतो आपण. तसं समज." दिवस निघाला तो सगळ्यात विरळ. विरळ म्हणजे एकही लग्न नाही असं नव्हे. माणसं गावाकडं असतात त्या आठवड्यांत एकही लग्न नाही असा दिवस आमच्या तालुक्यात नसतोच. त्यामुळे धाकधूक आहेच. पत्रकात मी पारू मावशीचं नाव टाकलं. छापून झालं, आणि मग वाटलं की विचारलंच नाही. म्हणून परवा वस्तीवर गेले.

ती दारात गहू निवडत बसली होती. गळ्यावर व्रणाची आडवी रेघ. मी पत्रक पुढं केलं. तिला वाचता येत नाही, पण आपलं नाव तिला ओळखता येतं. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"टाकलंस व्हय?"

"चुकलं मावशी. काढते."

"छापल्यालं कसं काढशील?" ती गहू पाखडत राहिली. मग त्या फुंकरीएवढ्या आवाजात म्हणाली, "तुला ते तिसरं पायजे. ठाव हाय मला. तू तिकडं भांडत हुतीस."

मी मान हलवली. तिनं ते सांगितलं. सूर नाही, चाल नाही. वाण्याला सामान सांगावं तसं.

पाखरं बोलली, बाई, आमी हावं घराला
जा तू उसाला, अन् ये वैशाखाच्या उन्हाला

कोयता नव्हता. एवढी वर्षं मी ज्या कोयत्याची वाट बघत होते तो कुठंच नव्हता. घर सांभाळणारी पाखरं होती. ते शब्द मी कागदावर घेतले आणि त्या क्षणी कळलं की मी काय घालवलं आहे. हे दोन चरण आता माझ्याकडं आहेत, तुमच्याकडंही आहेत, आणि ते गाणं त्या माळावर बसलेल्या पंधरा जणांकडं आहे.

"यंदा म्हणाल का?" विचारू नये ते विचारलं.

"येती. म्हनायला येईल का न्हाई, त्या दिवशी बघू." तिनं सुपातला खडा काढून अंगणात टाकला. "पर तू म्होरं बसायचं. आन उठायचं न्हाई."

"आणि मध्येच बँड आला तर?"

"येऊ दे की," पारू मावशी म्हणाली. "त्यांच्या घरी लगीन हाय, ते काय मुकं बसत्याल?"